कविकुलगुरू कालिदास

आषाढाचा पहिला दिवस उजाडला, की नागपूरच्या ईशान्येस सुमारे 50 किलोमीटरवर असलेल्या रामटेकच्या टेकडीला निराळीच शोभा येते. उन्हाळ्याने करपून गेलेले तिचे उतार हिरवे होऊ लागतात. काळे मेघ माथ्यावरील राममंदिराच्या शिखराला टेकल्यासारखे दिसतात. पायथ्याच्या अंबाळा तलावावर पावसाचे पहिले थेंब नाचू लागतात. त्या दिवशी टेकडीवर येणारे लोक रामलक्ष्मणांचे दर्शन घेतात आणि त्यांच्याबरोबर आणखी एका पुरुषाचे स्मरण करतात. त्याचे स्मारक या टेकडीवर उभे आहे, आणि 1997 साली रामटेकला स्थापन झालेले संस्कृत विश्वविद्यालय त्याच्याच नावाने ओळखले जाते. हा पुरुष राजा नव्हता, सेनापती नव्हता, की संत नव्हता. तो कवी होता. कविकुलगुरू कालिदास तो हाच.

कालिदासाने राजांची, ऋषींची, पर्वतांची आणि नद्यांची वर्णने मोठ्या आवडीने केली. परंतु स्वतःविषयी त्याने जवळजवळ काहीच लिहिले नाही. आपले आईबाप कोण, गाव कोणते, गुरू कोण, हे त्याने कोठेही सांगितलेले नाही. कर्नाटकातील ऐहोळे येथे इ. स. 634 मधील एक शिलालेख आहे. त्यात कालिदासाचे नाव मोठ्या आदराने घेतलेले आहे. म्हणजे त्या वेळी त्याची कीर्ती दक्षिणेत दूरवर पसरलेली होती. बहुतेक विद्वान त्याचा काळ इ. स. च्या 4 थ्या शतकाची अखेर व 5 व्या शतकाचा प्रारंभ असा मानतात. गुप्त घराण्यातील सम्राट दुसरा चंद्रगुप्त विक्रमादित्य त्या काळी राज्य करीत होता. काही विद्वान मात्र कालिदासाला त्याच्याही कित्येक शतके आधी नेतात. उज्जयिनी नगरीवर त्याचे फार प्रेम होते. तिचे महाकाल मंदिर, तिचे उंच प्रासाद आणि शिप्रा नदीवरून येणारा पहाटवारा यांचे वर्णन करताना त्याची लेखणी थकत नाही.

ज्या थोर पुरुषाचे चरित्र इतिहासाला ठाऊक नसते, त्याचे चरित्र लोक आपल्या कल्पनेने रचतात. कालिदासाविषयी अशीच एक दंतकथा आपल्या देशात शेकडो वर्षे सांगितली जात आहे.

एका राजाची कन्या अतिशय विदुषी होती. आपल्याला वादात जिंकील त्यालाच वरीन, असा तिचा पण होता. मोठमोठे पंडित आले आणि माना खाली घालून परत गेले. अपमानाने जळणाऱ्या त्या पंडितांनी सूड घेण्याचे ठरविले. महामूर्ख वर शोधण्यासाठी ते हिंडू लागले, तेव्हा रानात त्यांना एक तरुण गुराखी दिसला. तो झाडाच्या ज्या फांदीवर बसला होता, तीच फांदी बुंध्याकडून तोडीत होता! पंडितांना हवा होता तसाच वर मिळाला. त्यांनी त्याला न्हाऊमाखू घातले, उंची वस्त्रे नेसविली आणि काही झाले तरी तोंड उघडायचे नाही, अशी सक्त ताकीद दिली. मग त्याला राजसभेत नेऊन त्यांनी सांगितले की, या महापंडितांचे मौनव्रत आहे. वाद करायचा तो खुणांनीच करावा लागेल.

राजकन्येने एक बोट वर केले. परमेश्वर एकच आहे, असे तिला सुचवायचे होते. गुराख्याला वाटले, ही आपला एक डोळा फोडणार! त्याने रागाने दोन बोटे दाखविली. पंडितांनी लगेच अर्थ लावला की, सृष्टीसाठी प्रकृती आणि पुरुष अशी दोन तत्त्वे हवीत, असे महाराज म्हणतात. राजकन्येने पाच बोटांचा पंजा दाखविला. पंचमहाभूतांविषयी तिचा प्रश्न होता. गुराख्याला ती थप्पड वाटली. त्याने मूठ उगारली. पाचही भूते एकत्र आली म्हणजे देह घडतो, असा पंडितांनी खुलासा केला. राजकन्या निरुत्तर झाली आणि मोठ्या थाटाने विवाह झाला.

त्याच रात्री वाड्याबाहेर एक उंट ओरडला. कोण ओरडते आहे, असे राजकन्येने विचारले. गुराख्याला संस्कृत बोलण्याची हौस आली. परंतु उष्ट्र हा शब्द त्याच्या जिभेला पेलेना. तो उट्र असे म्हणून गेला. एका शब्दाने सारे कपट उघडे पडले. उंची वस्त्रे तीच होती, चेहरा तोच होता. पण राजकन्येच्या दृष्टीने तो आता वर राहिला नाही. तिने त्याला घराबाहेर काढले. अपमानित झालेला तो तरुण कालीमातेच्या देवळात गेला आणि तिची घोर उपासना करू लागला. देवी प्रसन्न झाली; त्याला दिव्य वाणी लाभली. कालीचा दास म्हणून तो कालिदास झाला. तो परत आला, तेव्हा राजकन्येने दार उघडण्यापूर्वी तीन शब्दांत विचारले की, तुमच्या वाणीत आता काही विशेष आले आहे काय? त्या तीन शब्दांपैकी एकेकाने आरंभ करून त्याने पुढे तीन काव्ये रचली, असे ही कथा सांगते. ती काव्ये म्हणजे कुमारसंभव, मेघदूत आणि रघुवंश.

ही कथा इतिहास नव्हे. कालिदासाची काव्ये वाचणाऱ्याला तत्काळ कळून येते की, त्याने वेद, दर्शने, राजनीती, संगीत, चित्रकला आणि ज्योतिष यांचा दीर्घ व्यासंग केलेला होता. असे ज्ञान एका रात्रीत मिळत नाही. मग लोकांनी ही कथा का बरे रचली असेल? त्या काळी माणसाची योग्यता त्याच्या बोलण्यावरून ठरविली जात असे. एक जोडाक्षर चुकले, तर मनुष्य हास्यास्पद होई. ज्याची वाणी सर्वश्रेष्ठ ठरली, तोच कवी एके काळी बोलण्यापायी घराबाहेर घालविला गेला होता, अशी कल्पना करण्यात सामान्य लोकांना मोठे समाधान वाटले असले पाहिजे. कथा काल्पनिक असली, तरी तिच्यातला प्रश्न खरा आहे. आणि तो प्रश्न कालिदासाच्या नाटकांतही आहे.

कालिदासाचा विदर्भाशी कसा संबंध आला, हे प्रथम पाहू. रामटेकजवळ नगरधन नावाचे गाव आहे. प्राचीन काळी ते नंदिवर्धन या नावाने प्रसिद्ध होते आणि वाकाटक राजांची तेथे राजधानी होती. चंद्रगुप्त विक्रमादित्याची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिलेली होती. तिचे पती अकाली वारले. मुले लहान होती. तेव्हा त्या धैर्यशाली राणीने मुलांच्या वतीने स्वतः राज्यकारभार चालविला. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. तिच्या एका ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीचा, म्हणजे रामटेकच्या देवाचा, भक्तिपूर्वक उल्लेख आहे.

नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी या सर्व पुराव्यांचा अभ्यास केला. विक्रमादित्याच्या पदरी असलेला कालिदास काही काळ त्याच्या कन्येच्या राज्यात, विदर्भात राहिला असावा आणि मेघदूतातील रामगिरी म्हणजे आपले रामटेकच होय, असे मत त्यांनी मांडले. काही विद्वान रामगिरी छत्तीसगडमधील सरगुजा भागातील रामगड येथे मानतात. परंतु मिराशींचे मत विद्वानांत फार मान्यता पावले आहे. प्रभावतीगुप्तेचा पुत्र दुसरा प्रवरसेन हा स्वतः कवी होता. त्याने सेतुबंध नावाचे काव्य महाराष्ट्री प्राकृत भाषेत लिहिले. त्या कामी त्याला कालिदासाचे साहाय्य झाले, अशी जुनी समजूत आहे.

मेघदूत हे 100 हून थोड्या अधिक श्लोकांचे काव्य. कर्तव्यात चुकलेल्या एका यक्षाला त्याच्या स्वामीने एका वर्षासाठी हद्दपार केले. तो रामगिरीवर राहू लागला. सीतेच्या स्नानाने पावन झालेले तेथील पाणी आणि झाडांची दाट सावली यांत त्याने आठ महिने कसेबसे घालविले. आषाढाच्या पहिल्या दिवशी टेकडीला भिडलेला मेघ पाहून त्याला घरची आठवण अनावर झाली, आणि दूर हिमालयातील अलका नगरीत असलेल्या आपल्या पत्नीला निरोप देण्याची त्याने त्या मेघालाच विनंती केली. मेघाने कोणत्या वाटेने जावे, हे यक्ष सांगतो. त्या वाटेवर नर्मदा आहे, विदिशा आहे, उज्जयिनी आहे. परंतु त्याच वाटेवर शेते नांगरणारे लोक आहेत. पिकाच्या आशेने मेघाकडे भोळ्या डोळ्यांनी पाहणाऱ्या खेडुत स्त्रिया आहेत. आणि गावोगावी उदयन राजाच्या गोष्टी रंगवून सांगणारे म्हातारे आहेत. राजसभेत वावरणाऱ्या या कवीचे कान खेड्यातील बोलण्याकडेही लागलेले होते.

कालिदासाने तीन नाटके लिहिली: मालविकाग्निमित्र, विक्रमोर्वशीय आणि अभिज्ञानशाकुंतल. ही नाटके नीट समजण्यासाठी त्या काळच्या रंगभूमीची एक रीत ठाऊक असली पाहिजे. एकाच नाटकात निरनिराळी पात्रे निरनिराळ्या भाषा बोलत. राजे, मंत्री, ऋषी आणि पंडित संस्कृतात बोलत. स्त्रिया, मुले आणि दासदासी प्राकृतात बोलत. प्राकृताचेही प्रकार होते. साध्या संभाषणासाठी शौरसेनी, गीतांसाठी महाराष्ट्री आणि धीवर, शिपाई यांच्यासारख्या लोकांसाठी मागधी. राजा संस्कृतात प्रश्न विचारी, राणी प्राकृतात उत्तर देई, आणि दोघांनाही एकमेकांचे बोलणे कळे. विदूषक जातीने ब्राह्मण, राजाचा जिवलग मित्र. पण तोही प्राकृतच बोले. ही रीत कालिदासाने निर्माण केली नाही. ती भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने घालून दिलेली होती आणि कालिदासाने ती पाळली. परंतु ती पाळता पाळता त्याने तिच्यातून काय दाखविले, हे पाहण्यासारखे आहे.

मालविकाग्निमित्र हे त्याचे पहिले नाटक, आणि ते सुखान्त व विनोदी आहे. त्या वेळी त्याचे वय लहान असावे. भासासारख्या नामांकित नाटककारांची नाटके असताना या नवख्या कवीचे नाटक का करावे, असा प्रश्न प्रस्तावनेतच निघतो. त्यावर सूत्रधार उत्तर देतो की, जुने ते सारे चांगले आणि नवे ते सारे वाईट, असे नसते. जाणते लोक पारखून घेतात, मूर्ख दुसऱ्याच्या मताने चालतात. तरुण कवीचा हा आत्मविश्वास पुढे खरा ठरला.

या नाटकाची नायिका विदर्भाची राजकन्या आहे. राज्यातील भाऊबंदकीमुळे तिचा भाऊ माधवसेन कैदेत पडला. मंत्री सुमती याने तिला घेऊन विदिशेची वाट धरली. पण रानात लुटारूंनी हल्ला केला आणि सुमती मारला गेला. फिरत फिरत मालविका विदिशेचा राजा अग्निमित्र याच्या महालात पोहोचली, ती दासी म्हणून! पट्टराणी धारिणीने तिला गणदास नावाच्या नृत्याचार्याकडे शिकावयास ठेवले. तिच्याबरोबर वाट चुकलेली सुमतीची बहीण कौशिकी ही परिव्राजिकेच्या वेषात त्याच महालात होती. तिने मालविकेला ओळखले; पण ती काही बोलली नाही. कारण मालविकेला एक वर्ष दासी होऊन राहावे लागेल व मग तिचे कल्याण होईल, असे एका साधूने सांगून ठेवले होते.

आता गंमत पाहा. महालात राणी धारिणी प्राकृत बोलते, दासी बकुलावलिका प्राकृत बोलते आणि मालविकाही प्राकृतच बोलते. मग तिच्या बोलण्यावरून ती राजकन्या की दासी, हे कोणी कसे ओळखावे? संस्कृतात बोलणारी स्त्री एकच, ती म्हणजे परिव्राजिका कौशिकी. तिला तो मान जन्माने किंवा अलंकारांनी मिळाला नव्हता. तो तिच्या विद्येने मिळाला होता. दोन नृत्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असे भांडण जुंपले, तेव्हा न्याय करण्यासाठी राजाने व राणीने तिलाच पंच नेमले.

ते भांडणही मोठे मजेदार आहे. चित्रात पाहिलेल्या मालविकेला राजाला प्रत्यक्ष पाहावयाचे होते आणि राणी तिला दृष्टीस पडू देत नव्हती. म्हणून विदूषकाने गणदास आणि हरदत्त या दोन आचार्यांना युक्तीने एकमेकांवर सोडले. आपल्या शिष्येचे नृत्य दाखवून श्रेष्ठत्व सिद्ध करावे, असे ठरले आणि मालविका रंगमंचावर आली. गणदासाला आधीपासूनच वाटत होते की, ही मुलगी कोणी सामान्य नव्हे. पुढे रागावलेल्या राणीने मालविकेला तळघरात कोंडले आणि आपली नागमुद्रेची अंगठी पाहिल्याशिवाय तिला सोडू नये, असा हुकूम केला. तेव्हा विदूषकाने केवड्याचा काटा बोटाला टोचून घेतला आणि साप चावला म्हणून आकांत केला. उपचारासाठी सापाचे चित्र असलेली वस्तू हवी, असे वैद्याकडून सांगविण्यात आले. भोळ्या राणीने घाईघाईने आपली अंगठी काढून दिली आणि त्याच अंगठीने मालविका सुटली!

अखेर विदर्भावर अग्निमित्राच्या सैन्याचा जय झाल्याची वार्ता आली. तेथून आलेल्या दोन कलावंत मुलींनी मालविकेला पाहताच ओळखले आणि राजकन्या म्हणून तिला वंदन केले. सारी सभा थक्क झाली. आपण एका राजकन्येकडून दासीची कामे करवून घेतली, या विचाराने राणी धारिणी खिन्न झाली आणि तिने स्वतः तिला सन्मानाने राजाच्या हाती दिले. विदर्भाचे दोन भाग करून दोघा भावांना देण्यात आले. त्या दोन भागांमधील सीमा म्हणजे वरदा, आपली वर्धा नदी.

शेवटच्या प्रवेशातली मालविका आणि पहिल्या प्रवेशातली मालविका यांत फरक कोणता? तिची भाषा बदलली नाही, गुण बदलले नाहीत. बदलली ती लोकांची नजर.

हाच विचार अभिज्ञानशाकुंतलात अधिक खोल झाला आहे. कण्व ऋषींच्या आश्रमात वाढलेल्या शकुंतलेशी राजा दुष्यंताने गांधर्व विवाह केला आणि खूण म्हणून तिला आपली अंगठी दिली. दुर्वास ऋषींच्या शापामुळे राजा तिला पार विसरला. पुढे ती राजसभेत आली, तेव्हा तिच्या बोटात अंगठी नव्हती. तीर्थाच्या पाण्यात ती गळून पडली होती. शकुंतला प्राकृतात बोलत होती. एकदा आश्रमातील पाडसाने राजाच्या हातून पाणी पिण्याचे नाकारले, पण तिच्या हातून ते प्याले. तेव्हा राजा हसून म्हणाला होता की, तुम्ही दोघे रानातलेच म्हणून त्याचा तुझ्यावर विश्वास. ही आठवण तिने भर सभेत करून दिली. तिचा शब्द न् शब्द खरा होता. पण दुष्यंताने आपल्या शुद्ध, सुंदर संस्कृतात तिला खोटी ठरविले आणि स्त्रियांच्या स्वाभाविक धूर्तपणावर टीका केली. सभेतील सर्वांत प्रौढ भाषा असत्याच्या बाजूची होती, आणि जिला आश्रमातील साधी मुलगी समजून कोणी मानले नाही, तिच्या भाषेत सत्य होते. शापामुळे राजाला ते कळले नाही, एवढाच काय तो फरक.

त्यानंतरचा प्रवेश धीवराचा आहे. दोन शिपाई एका कोळ्याला बांधून आणतात. त्याच्याजवळ राजाची अंगठी सापडली आहे. तो मागधी भाषेत गयावया करून सांगतो की, आपण चोर नाही. रोहित मासा कापला, तेव्हा त्याच्या पोटात ही अंगठी निघाली. शिपाई त्याच्या धंद्याची थट्टा करतात. तो उत्तर देतो की, वडिलांकडून आलेला धंदा निंद्य म्हणून टाकू नये. त्याला देहान्त शासन होणार, या खात्रीने एका शिपायाचे हात शिवशिवू लागतात. इतक्यात अधिकारी राजवाड्यातून परत येतो. कोळ्याचे म्हणणे खरे ठरले आहे! राजाने अंगठीच्या किमतीइतके बक्षीस पाठविले आहे. कोळी त्यातील अर्धे शिपायांना देऊन टाकतो आणि क्षणापूर्वी त्याला चोर म्हणणारा अधिकारी त्याला आपला प्रिय मित्र म्हणू लागतो. कोळ्याची भाषा तीच, धंदाही तोच. त्याच्या हाती पैसे आले, एवढेच. प्रेक्षक या प्रवेशाला पोट धरून हसत असतील. पण कालिदासाने हसावयास लावले आहे ते कोळ्याच्या बोलीला नव्हे, तर शिपायांच्या वागण्याला.

आणि केवढे महत्त्वाचे काम त्याने या कोळ्याकडे दिले! राजसभेत शकुंतलेवर कोणी विश्वास ठेवला नाही. रस्त्यावर कोळ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. दोघेही खरेच बोलत होते. कोळ्याने आणलेली अंगठी पाहताच राजाची स्मृती परत आली आणि शकुंतलेचा शब्द खरा ठरला. पुढे पश्चात्तापाने पोळलेला दुष्यंत मारीच ऋषींच्या आश्रमात पोहोचतो. तेथे सिंहाच्या छाव्याशी खेळणारा आपला पुत्र त्याला दिसतो. शकुंतला समोर येते आणि संस्कृत बोलणारा तो सम्राट प्राकृत बोलणाऱ्या आपल्या पत्नीच्या पायांवर मस्तक ठेवतो.

ज्या महाराष्ट्री प्राकृतात कालिदासाच्या नायिकांनी गाणी गायिली, तिला दंडी या पंडिताने श्रेष्ठ प्राकृत म्हटले आहे. आपली मराठी तिच्याच वंशातील. आपली बोली हिणकस आहे, असे ज्यांना कोणी म्हणेल, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कालिदासाची कीर्ती पुढे साऱ्या जगात पसरली. 1789 साली सर विल्यम जोन्स यांनी शाकुंतलाचे इंग्रजीत भाषांतर केले. त्यावरून 1791 मध्ये जर्मन भाषांतर झाले आणि ते वाचून महाकवी गटे याला अत्यानंद झाला. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा सुवर्णकाळ सुरू झाला.

बोलण्यावरून माणसाची पायरी ठरविण्याची खोड मात्र केवळ आपल्या देशाची किंवा जुन्या काळाची नाही. बर्नार्ड शॉ या नाटककाराने पिग्मॅलियन नावाचे विनोदी नाटक लिहिले. ते 1913 साली व्हिएन्ना येथे प्रथम रंगभूमीवर आले. लंडनच्या रस्त्यावर फुले विकणाऱ्या एका गरीब मुलीला भाषेचा एक प्राध्यापक उच्च वर्गातील उच्चार शिकवितो आणि मोठ्या लोकांत ती खानदानी स्त्री म्हणून खपून जाते. पु. ल. देशपांडे यांनी या नाटकाला ती फुलराणी असे मराठी रूप दिले आणि 1975 साली ते रंगभूमीवर येऊन अतिशय लोकप्रिय झाले. गुराख्याला पंडित म्हणून सभेत नेणारी दंतकथा आणि फुलवालीला खानदानी म्हणून मेजवानीत नेणारे नाटक यांत शेकडो वर्षांचे अंतर आहे. पण दोन्हींत माणसाचे मोल त्याच्या उच्चारावरून करणाऱ्यांचीच फजिती होते.

रामटेकच्या टेकडीवर आजही आषाढात मेघ उतरतात. पायथ्याच्या शेतांत पेरणीची घाई असते. पायऱ्यांवर यात्रेकरू आपापल्या गावच्या बोलीत एकमेकांना हाका मारीत चढत असतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना संस्कृत येत नाही. परंतु वर पोहोचल्यावर ते क्षणभर थांबतात आणि मेघाकडे पाहतात, जसे कालिदासाच्या काव्यातील खेडुत स्त्रियांनी पाहिले होते. त्या स्त्रियांना त्याने आपल्या अमर काव्यात स्थान दिले आणि सत्याची खूण सांभाळण्याचे काम एका कोळ्याच्या हाती सोपविले. कालिदासाला कविकुलगुरू म्हणतात, ते केवळ त्याच्या सुंदर भाषेमुळे नव्हे. कोणाच्या भाषेत खरे बोलले जात आहे, हे तो कान देऊन ऐकत असे.